लाराबंगा : मातीची मशीद, शियाचं लोणी आणि शेजारचे हत्ती

उत्तर घानात लाराबंगा नावाचं एक छोटं गाव आहे. बहुतेक प्रवासी ते तासाभरात उरकतात. मोले राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारी गाडी थांबते, मातीच्या पांढऱ्या मशिदीसमोर चार फोटो निघतात आणि मंडळी हत्ती बघायला रवाना होतात. हे उलटं करावं. मुक्काम गावात ठेवावा आणि हत्ती सकाळी जाऊन बघून यावेत, कारण उद्यानातल्या मुख्य मुक्कामापर्यंतचं अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर आहे. हत्ती भारतातही दिसतात. सहाशे वर्षांपूर्वीची म्हणून सांगितली जाणारी आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा हाताने लिंपावी लागणारी इमारत मात्र सहसा दिसत नाही.

निघण्यापूर्वी

पहिलं काम पिवळ्या तापाच्या लसीचं. त्या दाखल्याशिवाय घानात प्रवेश नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परतताना तो दाखला भारतातही मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरतात आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवर ठरलेल्या वारीच देतात आणि साठा संपला की पुढची तारीख मिळते, म्हणून प्रवासाआधी महिना-दीड महिना हे उरकून टाकावं. मलेरिया तिथे बारा महिने असतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात आणि परतल्यावर जितके दिवस घ्यायच्या तितके दिवस घ्याव्यात. घरी पोचल्यावर गोळ्या सोडून देणारेच पुढे तापाने पडतात.

व्हिसा दिल्लीतल्या घानाच्या उच्चायोगाकडून मिळतो. मुंबईहून आक्राला आदिस अबाबा किंवा दुबईमार्गे जाता येतं. घानाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

जायचं कधी, तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत. तेव्हा गवत सुकून बसलेलं असतं, जंगलातलं पाणी आटतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हर्मटन नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश पिठासारखं पांढुरकं होतं, ओठ फुटतात, कॅमेऱ्यात धूळ जाते. पण रात्री गारवा असतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. जुलै ते सप्टेंबर हिरवळ सुंदर दिसते, पण गवत पुरुषभर वाढतं आणि त्यामागे उभा असलेला हत्तीसुद्धा दिसत नाही.

पहिला दिवस : तमाले ते लाराबंगा

आक्राहून तमालेला विमानाने तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, बसने बारा तास किंवा त्याहून जास्त. तमाले हे उत्तरेचं मोठं शहर. पैशांची सगळी सोय इथेच करून घ्यावी. चलन सेडी. गावात कार्ड चालत नाही. मोबाईल मनी मात्र टपरीवरसुद्धा चालतं, आणि त्यासाठी पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घ्यावं लागतं. दामोंगोत एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. सुट्ट्या नोटा भरपूर ठेवाव्यात. मोठी नोट दिली की "सुटे नाहीत" हे उत्तर तिथेही आपल्याइतकंच तयार असतं.

तमालेहून लाराबंगा सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत यापेईजवळ पांढऱ्या व्होल्टा नदीवरचा पूल लागतो. पुढे फुफुल्सो फाट्यावर कुमासीकडे जाणारा हमरस्ता सोडून पश्चिमेला वळायचं. फुफुल्सो ते सावला हा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता २०१५ च्या सुमारास डांबरी झाला. त्याआधी तो लाल मुरमाचा होता आणि त्यावर पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असत. जुन्या प्रवासवर्णनांत "तमालेहून पाच-सहा तास" असं वाचायला मिळतं ते त्यामुळे. आता अडीच-तीन तास पुरतात.

पर्याय दोन. सावला किंवा 'वा' नावाच्या शहराकडे जाणारी बस, नाहीतर ट्रोट्रो म्हणजे आपल्याकडच्या वडापची घानी बहीण. ट्रोट्रोला वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. सकाळी सहाला पोचलात तर तासाभरात भरते. दहाला पोचलात तर दुपार तिथेच जाते, कारण सकाळची गर्दी निघून गेलेली असते. सामानाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, ते पिशवी टपावर चढायच्या आधी ठरवावेत. अंधार पडल्यावर या रस्त्याने प्रवास करू नये. तमालेहून शेवटची निघण्याची वेळ दुपारी दोन धरावी.

वाटेतलं दामोंगो हे २०१९ मध्ये निर्माण झालेल्या सवाना विभागाचं मुख्य ठिकाण. गोंजा या पारंपरिक राज्याचे सर्वोच्च प्रमुख, ज्यांना यागबोनवुरा म्हणतात, ते इथे राहतात. राष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांचा जन्मही इथलाच, १९५८ चा. दामोंगोपासून लाराबंगा वीस किलोमीटरच्या आत आहे. चालकाला "लाराबंगा जंक्शन" सांगून ठेवावं, नाहीतर गाडी थेट सावल्याला नेते.

उतरल्या उतरल्या चार-पाच तरुण भोवती जमतात. प्रत्येकजण अधिकृत मार्गदर्शक असतो. इथेच अनेकांचा गावाबद्दलचा ग्रह कायमचा वाईट होतो, आणि तो टाळणं अगदी सोपं आहे. नमस्कार करावा, नाव विचारावं, "आज फक्त मुक्काम, मशीद उद्या" एवढं हसून सांगावं आणि रस्त्यावर कुणालाही पैसे देऊ नयेत. मशिदीजवळ पर्यटकांची नोंद आणि शुल्क घेण्याची व्यवस्था आहे. तिथे पैसे द्यावेत आणि पावती मागावी. त्यानंतर दुसऱ्या कुणी "गावाचा कर", "शाळेचा फुटबॉल" अशी वही पुढे केली तर पावती दाखवून पुढे जावं. शाळेला खरोखर काही द्यायचं असेल तर ते शिक्षकांना भेटून द्यावं.

राहण्याची सोय साधी असते. गावातल्या अतिथिगृहांकडून अपेक्षा ठेवायची ती खोली, मच्छरदाणी, बादलीने आंघोळ, सामायिक संडास एवढीच. काही ठिकाणी गच्चीवर गादी टाकून देतात. कोरड्या दिवसांत तीच घ्यावी, पण मच्छरदाणी वर बांधता येते का ते आधी बघावं. वीज आहे, पण जाते. घानात या खेळाला दुमसोर म्हणतात. त्वी भाषेत दुम म्हणजे विझव, सो म्हणजे पेटव. भारनियमनाला इतका नेमका शब्द आपल्याकडे अजून कुणी काढलेला नाही.

दुसरा दिवस : मशीद, गोरखचिंच आणि दगड

मशिदीकडे सकाळी साडेसहाला जावं. ऊन तिरकं असतं, गाड्या आलेल्या नसतात आणि भिंतीचा पोत नीट दिसतो. शुक्रवारी दुपारी जाऊ नये, कारण नमाजाला जमलेल्यांसमोर कॅमेरा घेऊन उभं राहणं शोभत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मुस्लिमेतरांना आत प्रवेश नाही. त्याबद्दल हुज्जत घालू नये, कारण बघण्यासारखं बरंचसं बाहेरच आहे.

इमारत लहानच आहे, साधारण आठ मीटर लांब आणि तेवढीच रुंद. दोन निमुळते मनोरे आहेत. एक पूर्वेला मिहराबचा, मक्केची दिशा दाखवणारा, आणि दुसरा ईशान्य कोपऱ्यातला मिनार. भिंतींना बाहेरून बारा फुगीर टेकू दिले आहेत, तळाशी जाड आणि वर बोथट टोकाचे. भिंतींतून काळ्या लाकडी दांड्या आडव्या बाहेर आलेल्या दिसतात. ती निव्वळ सजावट समजू नये. त्या भिंतीला आतून बांधून ठेवतात आणि लिंपणाच्या वेळी त्यांच्यावरच पाय ठेवून माणसं वर चढतात, म्हणजे परांची इमारतीतच कायमची बसवलेली आहे. छप्पर सपाट, लाकडांवर माती. सोलापूर-मराठवाड्याकडचं माळवद ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. पाणी बाहेर टाकायला पनाळ लागते, ती तुंबली की छत गळतं. दोन्हीकडे दुखणं एकच.

गावची परंपरा ही मशीद १४२१ सालची सांगते. अयुबा नावाच्या प्रवाशाने भाला फेकला, तो जिथे पडला तिथे मशीद उभी राहिली, अशी कथा आहे. वास्तूचे अभ्यासक ही बांधणीची पद्धत नंतरच्या शतकांतली मानतात. मातीच्या इमारतीच्या बाबतीत हा वाद तसा अवघड. पुन्हा पुन्हा जिची कातडी नवी होते, तिचं वय कोणत्या थरावरून मोजायचं?

आता या इमारतीचं काय बिघडलं होतं ते. १९७० च्या दशकात चांगल्या हेतूनेच भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. दरवर्षीचं लिंपण वाचेल असा विचार. मातीची भिंत ओल शोषते आणि उन्हात सोडून देते, तो तिचा श्वास. सिमेंटने तो बंद केला. चिरांतून शिरलेलं पाणी आत अडकलं, माती आतून मऊ पडली, ओल्या लाकडाला वाळवी लागली, आणि बाहेरून मात्र भिंत टणकच दिसत राहिली. २००२ च्या वादळी पावसात मनोऱ्याचा भाग कोसळला तेव्हा आतली अवस्था उघडी पडली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने ही मशीद जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतली होती. त्यांच्या मदतीने सिमेंट खरवडून काढलं गेलं, कुजलेली लाकडं बदलली आणि पुन्हा मातीचा गिलावा चढला. अवघड भाग निधीचा नव्हताच. मधल्या तीस वर्षांत लिंपणाचा सरावच मोडला होता, तो हातांना पुन्हा द्यावा लागला. आपल्याकडे पांढऱ्या मातीच्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा करून बसलेल्यांनी इथे जरा थांबून बघावं. खाली जोत्याजवळ फुगलेला पापुद्रा त्यांच्या ओळखीचा असेल.

उत्तर घानात मातीचा गिलावा करायची रीत थोडक्यात अशी. बारीक खडे असलेली लाल चिकणमाती खड्ड्यात भिजवून पायांनी तुडवतात, काही दिवस मुरू देतात. भेगा पडू नयेत म्हणून चिरलेलं गवत किंवा शेण मिसळतात. काही गावांत वरून दवादवा नावाच्या झाडाच्या शेंगांची टरफलं उकळून काढलेलं तांबूस पाणी मारतात, ते सुकल्यावर पातळ वॉर्निशासारखं बसतं आणि पाऊस झेलतं. माती नीट मुरली नाही तर भेगा, गवत कमी पडलं तर भेगा, आणि थर जाड झाला तर अख्खा पापुद्रा सुटून खाली. काम पावसाळा संपल्यावरच करायचं, म्हणजे थर संथ सुकतो.

भिंतीचं सगळ्यात कमजोर ठिकाण वर नसतं, ते पायाशी असतं. छतावरून पडलेलं पाणी जमिनीवर आपटून उडतं आणि जमिनीलगतची हातभर भिंत खातं. फुगीर टेकूंचे तळ इतके जाड का, त्याचं अर्धं उत्तर तिथे मिळतं. जवळ वाकून बघितलं तर गिलाव्यात बोटांचे ठसे दिसतात, चार बोटांच्या समांतर रेघा. थापी वापरलेलीच नाही.

मशिदीलगत मोठी गोरखचिंच आहे. आफ्रिकेचाच हा वृक्ष व्यापाऱ्यांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला. राणीच्या बागेत आणि वसईकडे पाहिला असेल. अयुबाची कबर या झाडाखाली आहे असं गावकरी सांगतात आणि त्याच्या पानांना औषधी मानतात. पाला तोडू नये. गावात एक जुनं हस्तलिखित कुराणही जपलेलं आहे. ते सहसा दाखवत नाहीत आणि तसा आग्रह धरू नये.

गावाबाहेर थोडं चालत गेलं की गूढ दगड लागतो. रस्ता करताना हा दगड हटवला, तो दुसऱ्या सकाळी जागेवर परत आलेला दिसला, असं दोन-तीनदा झालं, शेवटी रस्ताच वळवला, अशी कथा. दगड पाहण्याला पाच मिनिटं पुरतात. वेगळे पैसे मागितले तर सकाळच्या पावतीत हे धरलं आहे का ते विचारावं.

बाकी दिवस गावात. भेटल्यावर आधी खुशाली, मग काम. घर, झोप, प्रवास, सगळ्याची चौकशी होते, आणि घाई केली तर समोरचा तोंडावर हसतो पण मदत करत नाही. डावा हात द्यायचा नाही आणि डाव्या हाताने घ्यायचंही नाही. वडीलधाऱ्यांना भेटायला जाताना मूठभर कोला बिया न्याव्यात, आपल्याकडच्या पानसुपारीसारखाच मान. त्या तमालेच्या बाजारातच घ्याव्यात.

खाण्याचं बघू. सकाळी होसा कोको मिळतं. बाजरी भिजवून, दळून, आंबवून केलेली पेज, त्यात आलं, लवंग आणि मिरी. ज्यांनी आंबील प्यायली आहे त्यांना पहिल्याच घोटाला गाव ओळखीचं वाटेल. सोबत कोसे, म्हणजे चवळीचे तळलेले वडे. हे दोन्ही शाकाहारी. दुपारी वाचे नावाचा चवळी-भात, ज्वारीच्या लालसर पानांबरोबर शिजवल्याने तपकिरी झालेला. त्यावरची काळी तिखट चटणी शितो मात्र सुक्या मासळीची असते, ती वेगळी ठेवायला सांगावं.

रात्री तुओ झाफी. करायला सोपी दिसते, नसते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवतात. मक्याचं थोडं पीठ गार पाण्यात कालवून त्यात ओततात, पातळ पेज होते. तिच्यातली काही बाजूला काढून ठेवतात. मग उरलेल्या पेजेत मक्याचं आणि थोडं कसाव्याचं सुकं पीठ मुठीमुठीने टाकत हातभर लाकडी दांड्याने घोटत राहायचं. घट्ट झालं तर बाजूला काढलेली पेज परत घालायची. पीठ एकदम पडलं की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. घोटणं कमी पडलं तर कच्चट वास राहतो. बाई पातेलं दोन्ही पायांनी दाबून धरते, कारण दांड्याच्या जोराने पातेलंच फिरतं. शेवटी वाटीत काढून गोल करतात. आपली उकड जशी, तशीच, पण मीठ नाही, फोडणी नाही. चव सगळी सोबतच्या सारात: अयोयो म्हणजे तागाच्या कोवळ्या पाल्याचं बुळबुळीत सार, नाहीतर सुक्या भेंडीच्या पुडीचं, त्यात आंबवलेल्या दवादवा बियांचा उग्र वास. घास चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा. "मांस नको" असं सांगितलं तरी सारात सुकी मासळी असतेच. "मासळीची पूडसुद्धा नको" असं वेगळं सांगावं. शाकाहाऱ्यांनी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी जवळ ठेवणं हा दुबळेपणा नाही.

तिसरा दिवस : मोले

पहाटे सहाला निघावं. मोटारसायकल किंवा रिक्षा आदल्या रात्री ठरवून ठेवावी आणि भाडं जाऊन-येऊन ठरवावं, कारण उद्यानातून परतीची गाडी मिळत नाही. चालत जायचा मोह होतो, पण जंगलाच्या हद्दीत पायी फिरायचं तर सोबत वनरक्षक लागतो.

मोले हे घानातलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, ४,५७७ चौरस किलोमीटर. ताडोबाचा कोअर आणि बफर एकत्र धरला तर त्याच्या अडीचपटीहून मोठं. १९५८ मध्ये राखीव झालं, १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आतली काही गावं त्यासाठी बाहेर हलवली गेली, आणि तो सल आसपासच्या वस्त्यांत अजून बोलून दाखवला जातो. सस्तन प्राण्यांच्या नव्वदहून अधिक जाती आणि पक्ष्यांच्या तीनशेहून अधिक नोंदल्या आहेत.

इथलं वेगळेपण म्हणजे पायी सफारी. सकाळी सातच्या सुमारास आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास, साधारण दोन तास, बंदूकधारी वनरक्षकाबरोबर. पायात बंद बूट हवेत. चपला घालून आलेल्यांना परत पाठवतात किंवा भाड्याचे गमबूट देतात, आणि ते आपल्या मापाचे असतीलच असं नाही. गडद निळे आणि काळे कपडे घालू नयेत. त्सेत्से माशीला हेच रंग आवडतात आणि ती कापडावरूनही चावते. खाकी, फिकट हिरवा बरा. माणशी दीड लिटर पाणी. तिथे पाणी अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत विकतात, कोपरा दाताने फाडून प्यायचं. रिकामी पिशवी खिशात.

मुख्य मुक्काम एका कड्यावर आहे आणि खाली दोन पाणवठे. कोरड्या दिवसांत हत्ती तिथे येऊन डुंबतात, बहुतेक नर. सकाळी उशिरा, ऊन तापल्यावर येण्याची शक्यता जास्त. म्हणून सातची पायी सफारी करून नऊला वर यावं आणि कड्यावर बसून राहावं. वारा हत्तीकडून आपल्याकडे येईल अशा बाजूने वनरक्षक नेतो. त्याने हात वर केला की जागच्या जागी थांबायचं, कुजबुज बंद. हत्तीने कान पसरून तोंड वळवलं आणि उभा राहिला तर मागे सरायचं, पळायचं नाही. चांगला फोटो हवा म्हणून चार पावलं पुढे जाणारा पाहुणा हा वनरक्षकाच्या डोक्याचा खरा ताप.

पायवाटेवर कॉब हरीण हमखास दिसतं, तांबूस अंगाचं, नराची शिंगं इंग्रजी एस अक्षराच्या वळणाची. वॉटरबक, बुशबक, लाल पाठीचे पाटास वानर, आणि पुढचे गुडघे टेकून चरणारी मस्सेवाली रानडुकरं. सिंहाची आशा धरून येऊ नये. जीपने लांबवर गेलात तर रोन, हार्टबीस्ट ही मोठी हरणं दिसू शकतात. गाडी पूर्ण घेतली तर खर्च वाढतो, म्हणून सकाळी स्वागतकक्षात उभं राहून अजून दोघे-चौघे जमवावेत.

बबून माकडांपासून सावध. ती पिशवीची चेन उघडतात, दार नुसतं लोटलेलं असेल तर खोलीत शिरतात. जेवणाच्या टेबलावर साखरेची वाटी उघडी ठेवून वळायचं नाही. मार खाल्लेलं माकड घाबरतं, खायला घातलेलं माकड चावतं. म्हणून चुकूनही खायला घालू नये.

संध्याकाळी सहाच्या आत गावात परत.

चौथा दिवस : मोग्नोरी आणि शियाचं लोणी

उद्यानाच्या मुख्य मुक्कामापासून पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर, हद्दीला लागून मोग्नोरी गाव आहे. गावकऱ्यांनी चालवलेली होडीची फेरी हे तिथलं आकर्षण. मोले नदीत लाकडी होडीतून तासभर, दोन्ही काठांवर दाट झाडी. सकाळीच जावं. खंड्या आणि बगळ्यांसारखे पक्षी, काठावर घोरपड, नशीब असेल तर मगर. मार्चअखेर पाणी खूपच उतरलं तर होडी तळाला लागते आणि फेरी अर्ध्यावर संपते, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.

खरा वेळ मात्र शियासाठी ठेवावा. शिया हे आपल्या मोहाच्याच कुळातलं झाड. बघितल्यावर साल आणि पानांचे झुबके ओळखीचे वाटतात, आणि कामही तेच: फळ खायचं, बीचं तेल काढायचं. मोहाच्या टोळंबीचं तेल ज्यांच्या घरी वापरात होतं त्यांना पुढचं सगळं पटकन कळेल. झाड लावत नाहीत. आपोआप उगवतं, शेत साफ करताना ते तेवढं राखतात. फळ धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. वेचणी मे ते ऑगस्ट, पहाटे, आणि ती बायकांचीच. पाचोळ्यात साप-विंचू असतात.

गर खाऊन झाल्यावर बिया उकळतात, नाहीतर त्या मोड धरतात आणि लोणी खवट होतं. मग उन्हात वाळवून कवच फोडतात आणि आतला गर पुन्हा वाळवतात. पावसात उन्हाची खात्री नसते, इथेच निम्मा माल बिघडतो. ओलसर गराला बुरशी येते. कुणी चुलीच्या धुरावर वाळवला तर तो धुरकट वास लोण्यात कायम राहतो.

लोणी काढताना गर कुटून भाजतात. कमी भाजला तर तेल सुटत नाही, जास्त भाजला तर लोणी काळपट आणि करपट. मग गिरणीत दळायचा. बाहेर पडतो तो चॉकलेटसारखा तपकिरी, दाट लगदा. तो पसरट भांड्यात घेऊन बाई हाताने फेटायला लागते. थोडं पाणी, फेटणं, पुन्हा थोडं पाणी. पाणी कोमट की गार हे त्या दिवसाच्या हवेवर, आणि तो निर्णय बोटं घेतात. पंधरा-वीस मिनिटांनी लगदा जड होतो, रंग राखाडी पडतो, मग एकाएकी हात हलका फिरू लागतो आणि पांढुरका फेस वर येतो. ताक घुसळताना लोणी "आलं" हे जसं आवाजावरून कळतं, तसं इथे हातावरून. पाणी फार तापलेलं असेल तर लोणी वर येतच नाही, मग गार पाण्याने सावरावं लागतं, आणि तेही नेहमी साधत नाही.

फेस उचलून दोन-तीन पाण्यांनी धुतात, कढवून पाणी उडवतात, गाळ खाली बसला की वरचं सोनेरी तेल ओततात आणि थंड होताना ढवळत राहतात. ढवळलं नाही तर रवाळ होतं. साधारण चार किलो गराचं हाती एक किलो लोणी येतं. ते खातातही, अंगालाही लावतात. हर्मटनमध्ये फुटलेल्या टाचांना यासारखं दुसरं औषध नाही. विकत घेताना वास घ्यावा: किंचित खमंग, धुरकट वास ठीक, खवट नको. पिवळंधमक असेल तर बहुधा एखाद्या मुळाचा रंग घातलेला असतो. पंचवीस वर्षं चुलीपुढे घालवलेल्या बाईशी शेवटच्या दोन सेडीसाठी घासाघीस करू नये.

पाचवा दिवस : सावला, बोले आणि पुढे

सकाळी जंक्शनवरून पश्चिमेला सावल्याची गाडी धरावी. सावला हा कुमासी–वा रस्त्यावरचा तिठा. दक्षिणेला बोले आहे, तिथेही याच घडणीची मातीची मशीद. पाहुणे फारसे येत नाहीत, म्हणून इमामांना किंवा जवळ बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच फोटो काढावा. इथे पावतीपुस्तक असेलच असं नाही, यथाशक्ती द्यावं. लाराबंगा बघून आल्यावर इथे डोळा तयार झालेला असतो. टेकू मोजावेत, दांड्यांच्या ओळी बघाव्यात, जोत्याजवळ वाकून सिमेंट कुठे आहे आणि माती कुठे ते बोटाने वाजवून ओळखावं. सिमेंट पोकळ वाजतं. याच शैलीच्या सीमेपलीकडच्या, आयव्हरी कोस्टमधल्या आठ मशिदी २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या.

बोलेहून दक्षिणेला कुमासीची बस मिळते, म्हणजे तमालेला परत जायची गरज नाही. दिवसाची बस घ्यावी. शियाचं लोणी पिशवीच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवावं. ते पस्तीस अंशांच्या आसपास पातळ होतं आणि टपावरच्या पत्र्याचं तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी, वर एक पिशवी, त्यावर आणखी एक. पिवळ्या तापाचा दाखला मात्र त्या पिशवीत नको. तो पासपोर्टमध्येच, मुंबईला उतरेपर्यंत.